मेहुणा घालवा, घरपोच!

“भावजी, महिन्याभरात दुकानाबाहेर रांग लावून दाखवतो! तुम्ही फक्त बघत राहा!”

मेहुणेबुवा हे कोचावर आडवे होऊन म्हणाले. कोच झुरळकाकांचा होता. झुरळं, ढेकूण, उंदीर आणि वाळवी यांचा नायनाट करणारं सामान विकण्यात हयात गेलेली, म्हणून सगळी वस्ती त्यांना झुरळकाका म्हणे. दुपारी जेवून त्या कोचावर तासभर डुलकी काढायची, एवढीच त्यांची चैन. मेहुणेबुवा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुकानाची वेबसाइट करून देतो म्हणून तो आठ दिवसांसाठी आला, त्याला आता अर्धं वर्ष होत आलं होतं! वेबसाइट पुरी होत नव्हती आणि कोच सुटत नव्हता. काका दुपारी दुकानातल्या स्टुलावर बसून पेंगत. बायकोजवळ बोलायची सोय नव्हती. भावाविषयी चकार शब्द निघाला की तिचे डोळे भरून येत आणि पुढचे दोन दिवस जेवण अळणी होई.

एकदाची वेबसाइट सुरू झाली. वरच्या बाजूला शोधायची चौकट होती आणि तीच म्हणे खरी करामत!

“गिऱ्हाईक या चौकटीत जे लिहील ना भावजी, त्याचं आपोआप एक नवं पान होणार. आणि ती सगळी पानं मी सर्च इंजिनला खुली ठेवलीत. जितके शोध तितकी पानं! जग बघेल!”

“अरे, ढेकणांचं औषध न्यायला माणसं तोंड लपवून येतात,” बायको म्हणाली. “आम्ही ते खाकी कागदात गुंडाळून देतो. आणि तू कोण काय मागतंय ते चौकात उभं राहून ओरडणार?”

“ताई, नाव कुठे येतंय कुणाचं?”

“नसू दे. दुकानात विचारलेलं दुकानातच राहावं.”

“तुला यातलं कळत नाही गं!”

काकांचं या वादाकडे लक्षच नव्हतं. वेबसाइट झाली, आता पाहुणा निघाला, या आनंदात ते होते. पण पाहुणा हलेना! “आता जरा चालते कशी ते बघतो,” म्हणून त्याने कोचावर दुसरी उशी घेतली.

तेव्हा एका दुपारी स्टुलावरून पडता पडता वाचल्यावर काकांचा धीर सुटला. चौकटीत काहीही विचारलं की कॉम्प्युटर उत्तर देतो, एवढं त्यांनी ऐकलं होतं. समोरची चौकट आपल्याच दुकानाची आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने त्यांनी लिहिलं, ‘मेहुण्याला घरातून कसं घालवावं’. उत्तरादाखल उंदरांचे पिंजरे आले.

“यालाही जमत नाही!” काकांनी सुस्कारा सोडला आणि विषय तिथेच सोडला.

पुढच्या आठवड्यात कोट घातलेला एक गृहस्थ दुकानात आला. इकडेतिकडे बघून काउंटरवर वाकला.

“काका, ते... मेहुण्यासाठी काय आहे?”

“कुणाच्या?” काका दचकले.

“माझ्या हो! तुमच्या पानावर वाचलं म्हणून आलो.”

त्याने मोबाइल पुढे केला आणि काकांना दरदरून घाम फुटला. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मेहुण्याला घरातून कसं घालवावं : खात्रीचा माल आमच्याकडे उपलब्ध!’ खाली पिंजऱ्याचं चित्र, कोपऱ्यांत मारायचा फवारा आणि त्यावर शेरा, ‘एकदा वापरा, पुन्हा दिसणार नाही. घरपोच सेवा!’

“पिंजरा याहून मोठा येतो का?” गृहस्थाने विचारलं. “तसा तो अंगाने भरलाय.”

दुसऱ्या दिवसापासून नुसती झुंबड! कुणी खरंच त्रासलेले, कुणी गंमत बघायला आलेले. पण रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून सगळे झुरळांची पावडर घेऊन जात. एका बाईंनी नणंदेसाठी वेगळा फवारा लागेल का, तेही विचारलं. खाकी कागद संपला! धंदा कधी नव्हे इतका होत होता आणि काकांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. बायकोने हे वाचलं तर? मेहुण्याला पान काढायला सांगावं, तर आधी त्याला ते दाखवावं लागणार!

पण सांगायची वेळच आली नाही. एके दुपारी मेहुणेबुवा कोच सोडून थेट दुकानात आले. मागोमाग बायको, आणि तिच्या हातात मोबाइल.

“अहो, हे कोणी लिहिलं?”

“असेल कुणी गिऱ्हाईक...”

“छे, भावजी! या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लिहिलंय.”

बायकोचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांच्या संसारात आपण तिला असं दुखवलं नव्हतं, या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटलं.

“मी लिहिलं,” ते मान खाली घालून म्हणाले.

मेहुणेबुवांनी त्यांना कडकडून मिठी मारली.

“मला वाटलंच! भावजी, ही अक्कल दुसऱ्या कुणाची असणार? कुठूनही शोधा, आपलं पान पहिलं येतंय!”

“माझ्या भावाच्या कामासाठी तुम्ही इतका विचार करता,” बायको डोळे पुसत म्हणाली, “आणि मला कधी बोलला नाहीत!”

काका हळूच स्टुलावर टेकले.

“पण एक आहे, भावजी,” मेहुणेबुवा गंभीर झाले. “असलं पान रोज सांभाळावं लागतं. जरा दुर्लक्ष झालं की घसरलंच खाली. मी परवा निघायचं ठरवत होतो; पण आता मला इथून हलता यायचं नाही.”

“कुठवर?” काकांनी कसंबसं विचारलं.

“लोकांना मेहुणे आहेत तोवर!”