खोबरं असलेलं क्रियापद

लोकल बोर्डाच्या निवडणुकीत रावजी तीन मतांनी निवडून आला, कोंडाजी तीन मतांनी पडला आणि मार खायची पाळी मात्र हरेश्वर मास्तरांवर आली.

चौलात इंग्रजी लिहिणारे मास्तर एकटेच. मुंबईच्या एका इंग्रजी पेपराला ते अधूनमधून गावची खबर पाठवत. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रावजी सकाळी त्यांच्या अंगणात येऊन बसला. नारळाचा व्यापारी, हातात नेहमीसारखा एक नारळ.

"मास्तर, पेपरात लिवा. मी कोंडाजीचं काय केलं, त्ये साहेबाच्या भाषेत आलं पायजे. मास्तरांच्या बदल्या आता आमच्या हाती हायेत, ठाव हाय ना?"

मास्तरांनी घसा साफ केला. "डिफीटेड."

रावजीने मान तिरपी करून कान लावला. विकत घेताना त्याने कधी नारळ फोडून पाहिला नव्हता. हलवून, टिचकी मारून आतलं सांगायचा आणि चुकत नसे. क्रियापदालाही त्याने तोच न्याय लावला.

"कवळं हाय. दुसरं दाखवा."

"व्हॅन्क्विश्ड."

"हां! ह्ये जरा जून!" म्हणत रावजी असा खदखदून हसला, की पोफळीवरचे कावळे उडाले.

कुंपणापलीकडे कोंडाजीने ते हसू ऐकलं. मास्तर राहत ते घर त्याच्याच वाडीतलं, विहीरही त्याचीच. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नसे, पण रावजीचं हसू तो लहानपणापासून ओळखून होता. दुपारपर्यंत विहिरीवरचा दोर आणि पोहरा गायब.

"वयनी," तो मास्तरांच्या बायकोला, वेणूबाईंना म्हणाला, "पाणी कशाला मागता? मास्तर कागदावर माझं पाणी पाणी करतायत, त्येच भरा!"

वेणूबाईंनी रिकामा हंडा नवऱ्यापुढे आदळला.

"एक बदली करणार, दुसरा तहानेनं मारणार. तुमच्या त्या जाड पुस्तकात रावजींना वजनदार वाटेल आणि कोंडाजीभावजींना लागणार नाही, असं एकही क्रियापद नाही?"

"अगं, निवडणुकीची क्रियापदं सगळी हाणामारीचीच."

"मग लग्नामुंजीतलं एखादं घ्या! इंग्रज काय बाराही महिने नुसते मारतच असतात?"

मास्तरांनी ते जाड पुस्तक पुन्हा उघडलं. संध्याकाळी त्यांनी रावजीला बोलावून घेतलं.

"कॉन्ग्रॅच्युलेटेड."

रावजीने डोळे मिटले. "पुन्यांदा."

"कॉन्-ग्रॅच्यु-लेटेड."

"मास्तर, ह्यात खोबरं हाय! कसं केलं म्हणायचं मी त्याला?"

"चारचौघांदेखत," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. अर्धं बोलायची होती.

पूर्ण अर्थ त्यांनी कुंपणावरून कोंडाजीला सांगितला. "माझं अभिनंदन? रावजीनं?" कोंडाजी तडक विहिरीकडे वळला. दोर जागेवर आला.

आठ दिवसांनी पेपर आला. रावजीने सारी आळी गोळा केली आणि वाचायला खास अलिबागेहून वकील आणले. "होऊ द्या मोठ्यानं!"

वकिलांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. "रावजीशेठ, निवडून आलेल्या माणसानं पडलेल्याचं अभिनंदन करावं, हे मी आजवर ऐकलं नव्हतं. केवढं हे मन!"

रावजीचं तोंड काळंठिक्कर पडलं. मास्तरांनी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या वाजत असताना माणसाला लहान होता येत नाही. रावजी उठला, दात आवळत कोंडाजीपुढे गेला आणि हातातला नारळ त्याच्या हाती ठेवला. कोंडाजी लहान पोरासारखा रडायला लागला. मग, का कोण जाणे, रावजीलाही हुंदका फुटला.

त्या दिवसापासून दोघे रोज एकाच ओट्यावर पान जमवू लागले.

"ह्यो मास्तर म्हंजे माणसं जोडणारा," रावजी म्हणाला.

"चौलात वाया चाललाय," कोंडाजी म्हणाला.

महिन्याभरात हुकूम आला. हेडमास्तर म्हणून बढती. दिघीला.

"तिथले दोन शेठ यंदा एकमेकांच्या जिवावर उठलेत, मास्तर," रावजी अभिमानाने म्हणाला. "मी मुद्दाम तुमचंच नाव घातलं."

दोघे निघून गेल्यावर वेणूबाई भांडी पोत्यात भरू लागल्या.

"अहो," पोत्याचं तोंड बांधत त्या म्हणाल्या, "तिकडं गेल्यावर तुम्हाला फक्त मोडी येते म्हणून सांगा."