या ना, जेवायला या!

आपल्याला हॉटेलात जेवता येतं, याबद्दल कोनादूला तिळमात्र शंका नव्हती. आपल्या गावाहून, कुमासीहून, परदेशात मिनेसोटात येऊन तिला चार महिने झाले होते. प्रयोगशाळेत पाण्यातलं शिसं शोधणाऱ्या बाईला काटे-चमचे काय जड! रुमाल मांडीवर, कोपर टेबलाखाली, चुटकी वाजवायची नाही. सगळं पाठ!

चार महिने ती खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवत होती. त्या रविवारी तिला माणसांत जेवायचं होतं. बस, एवढंच.

"मी डार्ला. आज तुमचं टेबल मी बघणार!" वाढणारी म्हणाली.

कोनादू उठून उभी राहिली. हात मिळवला, पूर्ण नाव सांगितलं आणि विचारलं, "आई बरी आहे ना?"

"आहे की!" डार्ला गोंधळून म्हणाली.

तळलेली कोंबडी आली. तेवढ्यात शेजारून एक म्हातारा गेला. समोर ताट असताना कुणी जवळून गेलं आणि आपण गप्प बसलो, तर कुमासीत सात पिढ्यांचा उद्धार होतो! कोनादू म्हणाली, "या ना, जेवायला या!"

यावर "तुम्ही जेवा, माझा हात ताटात आहेच असं समजा" म्हणून पुढे जायचं असतं. चोरसुद्धा तेवढं म्हणतो!

म्हातारा थांबला. "मी?"

"हो, या ना."

तो बसला! आणि ताटातली तंगडी उचलली!

"मी लिंडक्विस्ट. बायको गेल्यापासून सहा वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं हो."

डार्ला पाणी घेऊन आली. तिला वगळायचं कसं? "तूही ये गं!" डार्ला ताटातले बटाटे खात टेकली. दारात एक जोडपं टेबलासाठी ताटकळत होतं. नजरानजर झाली. झालं! त्यांनी खुर्च्या ओढल्या.

रात्री मावशीचा फोन आला. "जेवलीस का गं?"

"पाच जण होतो, मावशी! काय हसलो!"

"अगं, पण तू काय खाल्लंस?"

"घेवड्याच्या शेंगा. चार."

पुढचा रविवार उजाडेपर्यंत तिनं सहा दिवस ढकलले. हॉटेलात शिरली, तर लिंडक्विस्ट आधीच येऊन बसलेला. ताटात दोघांना पुरेल एवढी कोंबडी, समोरची खुर्ची ओढून ठेवलेली. तो लाजत म्हणाला, "या ना, जेवायला या!"

आणि कोनादूची जीभ, तीस वर्षांच्या वळणाची, पोपटासारखी बोलून गेली, "नको नको, तुम्ही जेवा! माझा हात ताटात आहेच असं समजा!"

मग ती दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिली. घरी एव्हाना कुणीतरी दंड धरून बसवलं असतं.

लिंडक्विस्टनं आपलं ताट जरा जवळ ओढलं. "बरं," तो म्हणाला, आणि खुर्ची हळूच पायानं आत सारली. नाही म्हणणाऱ्याला आग्रह करायचा नाही, असं त्याला लहानपणीच शिकवलं होतं.

कोनादू कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. रुमाल मांडीवर, कोपर टेबलाखाली. काहीच चुकलं नाही! या वेळी अख्खी कोंबडी तिच्या एकटीच्या वाट्याला आली.