कर्णिकांचा पाइप

आमच्या सोसायटीतले कर्णिक रोज सकाळी अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जाऊन एका पाइपावर तळहात ठेवत, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत.

गुजराती वस्तीच्या समा भागातली आमची तीन मजली इमारत. बाथरूमचा हवेचा पाइप गच्चीच्या स्लॅबमधून वर येतो आणि दर पावसाळ्यात त्याच्या कडेने पाणी उतरून वरच्या मजल्यावरच्या शांताबेनच्या छतातून टपके. दरवर्षी कडिया, म्हणजे गवंडी, येऊन पाइपाभोवती सिमेंट थापी, दरवर्षी ते फुटे. कर्णिकांची नोकरी रिफायनरीत पाइपांतच गेलेली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. ते मला म्हणाले, "जुओ सेक्रेटरीसाहेब, उन्हात पाइप वाढतो. स्लॅब काही हलत नाही. दोघांच्या मध्ये मऊ काहीतरी पाहिजे."

मऊ काहीतरी पाहिजे, हे ते कशालाही म्हणत. सुनेशी वाजलं म्हणून रडणाऱ्या शांताबेननाही तेच औषध.

शेवटी त्यांनी स्वतःच छिन्नी घेतली. सिमेंट काढलं, पाइप काचपेपरने घासला, रबराची कॉलर बसवली, वर जाळीचं कापड आणि वॉटरप्रूफिंगचे तीन हात. प्रत्येक हात वाळेपर्यंत कबुतरं बसू नयेत म्हणून छत्री उघडून पाइपाशेजारी स्टुलावर बसले.

"काका, आरती क्यारे छे?" देवावर छत्र धरल्यासारखे ते बसलेले बघून शांताबेननी आरती कधी म्हणून विचारलं.

"पहेलां सुकावा दो," कर्णिक गंभीरपणे म्हणाले.

दोन पावसाळे छत कोरडं राहिलं. अगाशीची किल्ली त्यांच्याकडेच असे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. रविवारी मी त्यांच्याकडे चहाला जाई आणि ते वही उघडून आठवडाभराचा पाइप वाचून दाखवत. मी हसू दाबून ऐके.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद अगाशीवर होता. "पाइपाला काही बांधू नका," एवढं बजावून कर्णिक जेवून खाली गेले. मग वारा सुटला, ताडपत्री उडायला लागली. मी तिची दोरी ओढून त्या पाइपाला बांधली. ताडपत्री फुगली की पाइप हलताना दिसत होता. दिसत असूनही मी वाढपाकडे वळलो.

संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि शांताबेनच्या छतातून धार लागली. दुसऱ्या दिवशी सभेत सगळे माझ्यावर उखडले. मी म्हणालो, "कर्णिकांचं कामच कच्चं. कडियाला बोलवायला हवं होतं." कर्णिक समोर बसले होते. किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

कडियाने पुन्हा सिमेंट थापलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात छत गळतं आहे. माझा रविवारचा चहा मात्र बंद झाला. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी दार लावून घेई. अशी चार वर्षं गेली.

गेल्या महिन्यात मी किल्ली घेऊन त्यांच्याकडे गेलो. कर्णिक फार वाळले आहेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "सभेच्या दिवशी सकाळी वर जाऊन दोरी मीच सोडली. तुमच्या हातची गाठ मी ओळखतो."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग रविवारी माझ्याकडे कोण आलं असतं?"

मग ते माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "तरी तुम्ही यायचं बंद केलंतच."