मास्तरांची ट्रायल

या व्यवहारात टेलरमास्तरांना मिळणार होती शांतता आणि द्यायचा होता फक्त एक ब्लेझर. तोही भाचीचा, म्हणजे घरातल्या घरात. इतका स्वस्त सौदा मास्तरांच्या नशिबी आजवर आला नव्हता.

दुकानातला फोन दिवसभर कोकलायचा.

"मास्तर, झाले का कपडे?"

"उद्या."

"अहो, कालपण उद्याच म्हणाला होतात."

"मग? शब्द फिरवला का मी?"

असं म्हणून मास्तर फोन आपटायचे आणि तेवढ्यात हातातली शिवण वाकडी जायची. ती उसवायची, पुन्हा घालायची, की पुन्हा फोन. भाची मोबाईलची ॲप बनवायला शिकत होती. एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं होतं आणि स्वतः बनवलेलं एखादं ॲप घेऊन या म्हणून सांगितलं होतं. तिला ॲपसाठी विषय हवा होता आणि अंगावर ब्लेझर. मामांना हवं होतं असं काहीतरी, की कपडे झाले की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जाईल आणि तोवर कोणी तोंड उघडणार नाही.

"सुरुवातीला लागतं काय काय?" मास्तरांनी मापाची टेप गळ्यात अडकवत विचारलं.

"लॅपटॉप आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. चाचणीला एक स्वस्तातला स्मार्टफोन लागतो, तुमचा चालेल. आणि धीर."

"तो मी रोज गिऱ्हाइकांकडे मागतो. देत नाही कोणी."

"आणि मामा, पहिलं ॲप छोटंच करायचं. एक पडदा, एक बटण. खिसे आणि अस्तर नंतर."

हे मात्र मास्तरांना पटलं. भाचीने चिकाटीने ॲप उभं केलं. पहिलं नाव तिनेच घातलं: 'चाचणी ग्राहक'. फोन नंबर स्वतःचा, कपडा स्वतःचाच ब्लेझर. "अशीच आणखी चारपाच खोटी नावं घाला मामा, मग बटण दाबून बघू," असं सांगून ती क्लासला गेली.

मास्तर यादीकडे बघत राहिले. खोट्या माणसाची ट्रायल? सगळी हयात त्यांनी जिवंत माणसं समोर उभी करून ट्रायल घेतली होती. काखेत कुठे घट्ट होतंय हे माणूसच सांगतं, लाकडी पुतळा सांगत नाही. तेव्हा त्यांनी एकूण एक खरी गिऱ्हाइकं ॲपमध्ये घातली, खऱ्या नंबरांसकट. चष्मा पुसला आणि बटण दाबलं.

'आपले कपडे तयार आहेत. त्वरित घेऊन जावे.'

सगळ्यात आधी शेजारच्या गल्लीतले निवृत्त हेडसर आले. "वा मास्तर! वेळेआधी!" त्यांची पँट अजून कापड होती. पाठोपाठ एक नवरदेव आला, आईला घेऊन. त्याच्या सुटाला एकच बाही होती. मग कोण कोण आलं ते बघायला मास्तरांनी मान वर केलीच नाही.

भाची धापा टाकत आली. "कोणी दाबलं बटण?"

"ट्रायल घेतली," मास्तर म्हणाले.

"खोटी नावं सांगितली होती ना!"

तिने लॅपटॉप उघडला, एका बटणाने सगळ्यांनाच निरोप जात होता ती चूक शोधली, दुरुस्त केली, ॲप पुन्हा चालू केलं आणि दुकानातले सगळे फोन एकदम वाजले. ॲप चालू झालं की निरोप आपोआप जात होता.

"दुसरा मेसेज आला," हेडसर म्हणाले. "दुसरी पँटपण झाली का?"

"बंद करा ते आधी!" मामी आतून ओरडली.

"बंद केलं की चूक दिसत नाही, मामी. चालू करावंच लागतं."

फोन पुन्हा वाजले.

"आम्ही इथेच बसतो," नवरदेवाची आई पदर खोचत म्हणाली. "आता कपडे घेऊनच जाऊ."

आणि बसली. तिचं बघून सगळेच बसले. मग मास्तरांना दुसरा उपाय उरला नाही. त्यांनी कपडे शिवले. मामी काजं करत होती, नवरदेवाची आई बटणं लावत होती, हेडसर इस्त्री करता करता प्रत्येकाच्या चुका काढत होते. भाचीने अखेर ही दुसरी चूकही पकडली आणि फोन गप्प झाले. एकेक जण आपला गठ्ठा घेऊन गेला. कपडे झाले तशी ॲपवर सगळी नावं हिरवी झाली. एकच लाल उरलं: 'चाचणी ग्राहक'.

"खोट्या माणसाला कसला ब्लेझर," असं म्हणत मास्तरांनी तेही 'तयार' दाखवून हिरवं केलं आणि पाय पसरले. कधी नव्हे ती शांतता झाली.

सकाळी भाची मुलाखतीसाठी नटूनथटून आली. "मामा, मेसेज आला. ब्लेझर तयार ना?"

टेबलावर ब्लेझर तुकड्यातुकड्यांनी पडला होता. मास्तरांचं तोंड सवयीने उघडलं, "उद्‌..." आणि मामीकडे बघून मिटलं.

पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालून त्यांनी तो भाचीच्या अंगावरच उभा केला. "हात वर करायचा नाही. शिंकायचं नाही. नमस्कार मानेनेच करायचा."

संध्याकाळी ती परतली. उजवी बाही पर्समध्ये होती.

"कशी निघाली?"

"सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. साहेबांनी विचारलं, खोटी माहिती घालून चाचणी कोण घेतं? हात वर करा. घेणारी मी एकटीच होते."

मास्तरांनी मनातल्या मनात जमाखर्च मांडला. हेडसरांना पँट मिळाली, नवरदेवाला सूट, आपल्याला शांतता. आणि सगळ्यांच्या वाटची किंमत या पोरीने एका बाहीने भरली.

"मग? नोकरी?"

"उद्या सांगतो म्हणाले."

"उद्या?" मास्तर ताडकन उठले. "उद्या म्हणजे कधी? माणसाने वाट तरी किती बघायची? काही रीत आहे की नाही!" त्यांनी फोन ओढला. "नंबर दे त्यांचा. झालं का विचारतो."