ताडांवरची दया

समुद्रकाठच्या विश्रामगृहाच्या बागप्रमुखाने सकाळी सकाळी कपाळावर हात मारून घेतला. पंख्यासारख्या पानांचे ताड त्याने हट्टाने लावले होते. खारं वारं सोसणारे, पाण्यावाचून तगणारे. "ते वर्षभर टिकले तर सगळा किनारा तुमच्याकडे. नाहीतर परत स्टोअरमध्ये," असं मोठे साहेब म्हणाले होते. स्टोअरमध्ये त्याने नऊ वर्षं बादल्या आणि झाडू मोजले होते. आणि आता, पाहणीला पंधरा दिवस उरले असताना, ताडांच्या बुंध्याशी चिखल!

"कोण घालतंय पाणी?" तो ओरडला.

"मीच की," स्वयंपाकी म्हणाला. "भांडी विसळलेलं पाणी वाया का घालवायचं? सुकून चालली होती बिचारी."

"अहो, ती दिसतातच तशी!"

मग त्याने पाटी लावली : 'झाडांना पाणी घालू नये.' झालं! इथे पाण्याची टंचाई आहे, असा अर्थ फिरायला येणाऱ्या निवृत्त मास्तरांनी काढला आणि ते घरून बाटली भरून आणू लागले. त्यांचं बघून त्यांची सगळी मित्रमंडळी बाटल्या आणू लागली. पानं पिवळी पडली, तसे बाटल्यांच्या जागी कॅन आले.

"मास्तर, पाण्यानेच पिवळी पडताहेत हो ती! मी हात जोडतो!"

"छे छे, हात कसले जोडता? तुम्ही एकटे कुठे कुठे पुरणार? आम्ही आता संध्याकाळीही येत जाऊ."

तणतणत तो घरी आला. बायकोने पुढ्यात चहा ठेवला. "एवढं काय मनाला लावून घेता? मीही दुपारी तांब्याभर घालतेच आहे."

"तूसुद्धा?"

"मग काय करू? तुमची बढती त्या झाडांवर, आणि झाडं ही अशी मरतुकडी! माझ्याच्यानं बघवेना."

त्याला रडायचंच तेवढं बाकी राहिलं. पुढचे आठ दिवस त्याने छत्री घेऊन स्वतः पहारा दिला. लोक लांबूनच त्याच्याकडे रागाने बघत आणि चुकचुकत. पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

पाहणीच्या दिवशी साहेब एकेक पिवळाधमक ताड बघत तोंड वाकडं करत चालले होते. शेवटी ते थबकले. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगामागे, कुणाच्या नजरेला न पडलेला एक ताड हिरवीगार पानं पसरून उभा होता.

"वा! याला कोण सांभाळतं?"

बागप्रमुखाचा जीव भांड्यात पडला. "कुणीच नाही, साहेब! हेच तर मी घसा फोडून सांगतोय. पाणी नको, खत नको, कुणी ढुंकूनही बघायला नको!"

"असं होय?" साहेब खूश झाले. "मग सगळ्या किनाऱ्यावर हीच लावून टाकू. माणूस नेमायचीही गरज नाही. तुम्ही सोमवारपासून स्टोअरमध्ये हजर व्हा."