आधी घरचा पेपर

गिरीश बोरसेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये उताणा पडला होता. डोळे अर्धवट मिटलेले, एक हात छातीवर, आणि अंग राहून राहून थरथरत होतं. मी धावत घरात जाऊन कांदा फोडून आणला आणि त्याच्या नाकाला लावला. त्याने एक डोळा उघडला.

"सर, मला काही नाही झालेलं. मी मोबाईल आहे. बॅटरी संपू राहिली."

एवढं सांगून तो पुन्हा थरथरू लागला. मी कांदा घेऊन परत आलो. हिने विचारलं, "काय झालंय हो त्यांना?" मी म्हटलं, "चार्जिंग नाहीये." तेव्हापासून ती माझ्याकडेही जरा काळजीने बघते.

तर हा आमचा शेजारी, मूळचा अमळनेरकडचा. सिल्वासात जो तो कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, नाहीतर माझ्यासारखा शाळेत. हा एकटाच घरी बसून विनोद लिहितो आणि त्यावर घर चालवतो. मोबाईल, चार्जर, कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या पोरांच्या खुर्च्या, असल्या वस्तूंच्या गमतीदार जाहिराती मुंबईची एक कंपनी त्याच्याकडून लिहून घेते. स्वतः मात्र त्याने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. विचारलं तर म्हणतो, "मिठाईवाला पेढे खातो का सर?"

त्याच्या कागदावर जेमतेम एक ओळ असते. बाकीचं सगळं तो अंगाने लिहितो. आधी ती वस्तू व्हायचं, तेही तोंडातून अक्षर न काढता. "बोलून हसवणं म्हणजे कॉपी करून पास होणं, भो," हे त्याचं ठाम मत.

ती मोबाईलची जाहिरात पुढे आमच्या स्टाफरूममध्ये पोचली. अंथरुणावर मोबाईल शेवटच्या घटका मोजतोय. भोवती गोतावळा जमलाय, आत्याबाई डोळ्यांना पदर लावून बसल्यात, कोणी गंगाजल आणलंय. तेवढ्यात कोणीतरी चार्जर लावतं. मोबाईल टुणकन उठून बसतो, आणि आत्याबाईंचा चेहरा पडतो. खाली ओळ, 'मंडळी, या आता.' आमचे मुख्याध्यापक हसताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले. मी गेली कित्येक वर्षं वर्गात हास्यरस शिकवतोय. व्याख्या तोंडपाठ आहे, पण एकही पोर अजून हसलेलं नाही. आणि हा बाबा पॅसेजमध्ये लोळून सगळ्या मुलखाला हसवतो. मी थक्कच झालो. खरं सांगायचं तर त्याच्या पाया पडावं असं वाटलं.

पण कंपनीला काही पाठवण्याआधी त्याचा एक नियम होता. "आधी घरचा पेपर, मग कंपनीचा." हा घरचा पेपर तपासायचे आप्पा, त्याचे थोरले भाऊ. आप्पांनी खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात जन्म काढला आणि गिरीशला शिकवलं. त्या यंत्रांच्या घरघरीत त्यांचे कान गेले. कानांमागोमाग बोलणंही आटलं. दिवसभर गॅलरीत रस्त्याकडे बघत बसायचे. गिरीश त्यांच्यासमोर खुर्ची व्हायचा, चार्जर व्हायचा. आप्पांच्या मिशीची टोकं हलली की जाहिरात पास.

मग एकदा कंपनीने हेडफोन पाठवले. गेम खेळताना कानांवर चढवायचे, चांगले नारळाच्या करवंट्यांएवढे. त्यांची जाहिरात हवी होती. बोरसे रोज आप्पांपुढे नाचला, पडला, झाडूने त्याने स्वतःला बडवून घेतलं. मिशी हलेना. कंपनीचा फोन आला, उद्यापर्यंत द्या नाहीतर काम दुसऱ्याला जाईल, आणि पुढचीही कामं जातील.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "अरे, मला हसू आलं ना? पाठवून दे. आप्पांना काय कळणार हेडफोनमधलं?"

तो हेडफोन हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "सर, तुम्ही आप्पाला आधी नाही पाहिलं. शिफ्टच्या बसमध्ये बसला की ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन हसायचा. हे खुर्ची होणं, मोबाईल होणं, सगळं त्याचं. मी त्याचाच माल विकू राहिलो इतकी वर्षं. तो हसतो, ते मला बरं वाटावं म्हणून. मला त्याचं हसू नको सर. त्याने एकदा मला हसवावं."

बोरसेने हेडफोन टेबलावर आपटले आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. या वेळी तो कुठलीही वस्तू झालेला नव्हता.

आप्पा गॅलरीतून बघत होते. ते उठले, आत आले. हेडफोन उचलून त्यांनी कानांवर चढवले. वायर तशीच जमिनीवर लोळत होती, कशालाच जोडलेली नव्हती. आप्पांनी डोळे मिटले, मान हळूच डोलवली. पाऊल ठेका धरू लागलं. मग एकदम कपाळाला आठी घालून त्यांनी भावाच्या खांद्यावर थाप मारली आणि घोगऱ्या, बेसुमार मोठ्या आवाजात म्हणाले,

"गिऱ्या, आवाज कमी कर ना रे!"

बोरसे वळला. आधी हसला, मग हसता हसता रडला, आणि रडता रडता पोट धरून खाली बसला. आप्पांच्या मिशीला आता काही धरबंद राहिला नव्हता.

"अरे, हीच जाहिरात!" मी ओरडलो. "हीच पाठव!"

त्याने डोळे पुसत मान हलवली. "ही नाही सर. ही घरची."

कंपनीसाठी त्याने संध्याकाळी दुसरी लिहिली. आप्पांनी ती पासही केली. पण ते पुढचं. त्या क्षणी आप्पांनी हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले आणि समोर हाताची घडी घालून उभे राहिले. आत शुकशुकाट होता. मी डोळे मिटले आणि, वर्गात कधी केलं नसतं असं, मान डोलवत गोल गोल फिरू लागलो. डोळे उघडले तेव्हा ते दोघे भाऊ एकमेकांना धरून हसत होते.

"पास, सर," बोरसे म्हणाला.