दामूची तुटकी पायरी

आमच्या दामूकडे राहायला गेलात तर तो आधी तुमचं वजन करतो. नाव-गाव नंतर. धान्याच्या दुकानातला जुना काटा त्याने फाटकाशी मांडलाय. ‘जयभीम. आधी काटा, मग झाड,’ एवढंच स्वागत. आकडा मोठ्याने ओरडतो, आत चुलीजवळ बसलेल्या त्याच्या बायकोला, मंदाला, ऐकू जाईल असा. मग झाड ठरतं. हलका माणूस जांभळावर, भारी माणूस आंब्यावर. ठाण्याचं एक नवं जोडपं आलेलं. दोघांचं मिळून वजन एकाही झाडाच्या हिशोबात बसेना. दामूने नवऱ्याला आंब्यावर पाठवलं, बायकोला जांभळावर. लग्नाला आठ दिवस झालेले.

दामू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. खडवलीला नदीच्या वर त्याची जागा आहे, तिथे झाडांवर खोल्या बांधल्यात. लोक मुलंबाळं घेऊन राहायला येतात. झोपाळे आहेत, नदीत डुंबता येतं, आणि काही ना काही शिकवल्याशिवाय हे घर कोणाला सोडत नाही. मंदा तांदळाची भाकरी थापायला शिकवते. दामू दोरीच्या गाठी शिकवतो आणि परीक्षा घेतो. तुम्ही मारलेल्या गाठीला पाण्याने भरलेली बादली टांगायची आणि खाली तुम्हीच उभं राहायचं. बँकेतले एक साहेब चिंब होऊन जेवायला बसलेले. दामू त्यांना वाढता वाढता म्हणाला, साहेब, सही खोटी मारता येते, गाठ नाही.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, बाकी जन्म मानपाड्याला फर्निचरच्या कारखान्यात गेला. दामूच्या झाडांचे जिने मीच केलेत. एक खिळा नाही, सगळ्या पायऱ्या लाकडी खुंट्यांवर बसवल्यात, कारण झाडाजवळ लोखंड आणलं की दामू झाडाच्या वतीने भांडतो. मी काम करायचो तेव्हा माझी शांता खाली बसून आम्हा दोघांची अक्कल काढायची. मागच्या वर्षी ती गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. मेथीची अख्खी जुडी आणतो, अर्धी टाकतो.

ती गेल्यावर महिन्याभरात दामूचा फोन आला, दाजी, आंब्याच्या जिन्याची पायरी निखळली, या. गेलो, बसवली. मंदाने दोन दिवस सोडलं नाही. पंधरा दिवसांनी जांभळाची पायरी. मग परत आंब्याची. दोष दर वेळी पाहुण्यांचा. म्हणे, ठाण्याची माणसं वडे खाऊन येतात आणि सगळा भार पायरीवर टाकतात.

परवाच्या शनिवारी पुन्हा गेलेलो. जेवताना त्याचा मुलगा नितीन, जो सगळं बुकिंग बघतो, तो वैतागून म्हणाला की पायरी नाही म्हणून खोली सारखी बंद ठेवावी लागते, आता लोखंडी जिने करणार, उद्या वेल्डर माप घ्यायला येतोय. मला विचारलं. मी म्हटलं कर बाबा, माझे गुडघे तरी सुटतील. दामू ताटावरून उठला. लोखंड आलं तर मी घर सोडून जाईन, म्हणाला. कुठे जाणार, मंदाने विचारलं. तो म्हणाला, कोपरीला. कोपरीत आमचं कोणी नाही. मंदा म्हणाली, मग भात संपवून जा.

दुपारी पायरी बसवायला गेलो. दामू जिना धरून खाली उभा. पायरी हातात घेतली तर कुठे चीर नाही. खुंटी अख्खी. तिच्या टोकावर मात्र दगडाने ठोकल्याचे वण. वजनाने पायरी मोडते, खुंटी अशी मागून बाहेर येत नाही. चाळीस वर्षं लाकूड हाताळलंय, एवढं कळतं.

‘दामू, या आठवड्यात इथे कोण चढलेलं?’

‘एक बाई. चांगली भारी होती.’

‘नितीन म्हणतो खोली रिकामी होती.’

त्याने जिना आणखी घट्ट धरला. मी चिडलो. येड्या, एखादं पोर पडलं असतं म्हणजे, असं बरंच बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. पायरी काढली की लगेच खालून दोरी बांधतो, कोणाला चढू देत नाही, एवढंच सांगितलं. मग जिन्याकडे बघत म्हणाला,

‘ताई होती तेव्हा तिच्या मागून यायचात. आता नुसतं या म्हटलं असतं, तर आला असतात दाजी?’

नसतो आलो. मला माहीत होतं, त्यालाही.

मी पायरी बसवली. खाली येऊन नितीनला सांगितलं की वेल्डरला नको म्हण, लोखंडाने झाडाची साल मरते. खरं आहे की नाही, ठाऊक नाही. तोंडाला आलं ते बोललो. नितीनने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि फोन लावायला गेला.

रविवारी निघताना पिशवीतून माझा लाकडी हातोडा काढला आणि दामूच्या हातात दिला.

‘पाहुणे नसतील तेव्हाच काढायची,’ म्हटलं. ‘आणि दगड नको. खुंटी चिरते.’